बाळाच्या अंघोळीला किती बाटल्या?

दीड महिन्याच्या लसीला आलेलं बाळ होतं. लसीकरणाच्या खोलीतून सिस्टरांचा निरोप आला, "मॅडम, जरा येऊन बघता का? सुई कुठं टोचू तेच कळत नाहीये." जाऊन पाहिलं तर बाळाच्या मांड्या लालभडक आणि कोरड्या, जांघेच्या घडीत कातडीला बारीक चिरा, पोटावर-पाठीवर पुरळ. ताप नव्हता. बाळ अंगावर नीट पीत होतं, वजनही छान वाढलं होतं. आई बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सोबत तिची आई. मी काही विचारायच्या आत दोघी एकदमच बोलल्या.

"मॅडम, हे आईच्या पिठानं झालंय."

"काही नाही हो बाई, त्या बाटल्यांनी झालंय. आम्ही चार लेकरं डाळीच्या पिठावरच वाढवली."

मी दोघींना बसवलं आणि बाळाच्या अंगाला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय लागतं ते क्रमानं सांगायला लावलं. सकाळी तेलाची मालीश. मग मसुराच्या डाळीचं पीठ, हळद आणि साय. अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवायचा. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण. पिठाचा वास जावा म्हणून बेबी सोप. डोक्याला शाम्पू. अंग पुसून लोशन, घड्यांमध्ये पावडर. दिवसभर ओले वाइप्स. आणि रात्री झोपताना मावशीनं बारशाला दिलेलं बदामाचं तेल. साडेचार किलोच्या त्या देहाला दिवसाला दहा पदार्थ लागत होते आणि त्यातला प्रत्येक पदार्थ प्रेमापोटीच लावला जात होता.

आमच्या सरकारी दवाखान्यात असं बाळ आठवड्याला एखादं तरी येतंच. पूर्वी फक्त पिठानं रगडलेली बाळं यायची. आता पीठही असतं आणि बारशाला आलेला गिफ्ट सेटही असतो. 'कोणता साबण चांगला, मॅडम?' हा प्रश्न मला बाळाच्या दुधाइतकाच वारंवार विचारला जातो. त्याचं उत्तर एका नावात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी बाळाच्या कातडीविषयी. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हे या भिंतीचं काम. तान्ह्या बाळात ही भिंत मोठ्या माणसापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं पातळ असते. त्यातून नवजात बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठ्यांच्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे वर लावलेला पदार्थ आत गेला, तर तो किलोमागे कितीतरी जास्त जातो.

दुसरी गोष्ट सामूची. शाळेत लिटमस कागद वापरला असेल, तो सामू, म्हणजे पीएच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. मोठ्या माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५ ते साडेपाच असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. जन्मलेल्या बाळाची त्वचा ७ च्या आसपास असते आणि पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू आम्लधर्मी होत जाते. हे आम्ल फार कामाचं. विटांमधलं सिमेंट तयार करणारी विकरं आम्लातच नीट काम करतात. सामू वर चढला, की पेशींमधले सांधे तोडणारी दुसरी विकरं जागी होतात, आणि त्रासदायक जंतूंनाही अशी कातडी मानवते.

आता साबणाकडे या. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून खरा साबण बनतो. त्याचा सामू ९ ते १० असतो. हा एखाद्या कारखान्याचा दोष नाही, साबणाचा स्वभावच तो आहे. त्याला आम्लधर्मी करायला गेलं तर त्याचा साबण राहतच नाही. त्यामुळे वडीवर बाळाचं चित्र असो, नाहीतर वाघाचं, ती साबणाची वडी असेल तर अल्कलीच असणार.

माझ्या टेबलाच्या खणात सामू मोजायच्या कागदाची एक छोटी वही असते. त्या दिवशी मी बाईंच्या पिशवीतली गुलाबी वडी वाटीत ओली केली आणि पट्टी बुडवली. पिवळा कागद बघता बघता हिरवट निळा झाला. मग घरून आणलेल्या पिठाच्या पुडीतलं चिमूटभर पीठ कालवलं आणि त्यात पट्टी बुडवली. रंग फारसा बदलला नाही. आजी एकदम खूश झाल्या. "बघा, मी म्हणत नव्हते?"

अर्धं बरोबर होतं त्यांचं. डाळीचं पीठ अल्कली नाही, आणि ते तेल शोषून घेतं हेही खरं. पण पिठाचा त्रास त्याच्या रसायनात नसून रगडण्यात आहे. दळलेल्या डाळीचे कण कितीही बारीक असले तरी ते कण आहेत. कोवळ्या कातडीवर ते रोज घासले की भिंतीचा वरचा थर खरवडला जातो. कणकेच्या गोळ्यानं लव ओढली जाते, केसाच्या मुळाशी जखम होते आणि तिथं पुवाच्या बारीक पुटकुळ्या येतात. वास्तविक ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. ती काढायचं कुणाला काही कारण नाही, आणि ती काढल्यानं पुढं अंगावर केस कमी येतात हेही खरं नाही. हळदीनं रंग उजळतो, हे तर मी बोलतच नाही. बाळाचा रंग आई-बापांकडून ठरून आलेला असतो.

पिठाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हा समज फार घट्ट आहे. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण फार खपत होता. त्यात गव्हाच्या प्रथिनांवर प्रक्रिया करून केलेला एक घटक मऊपणासाठी घातलेला होता. २०१० च्या सुमारास लक्षात आलं, की तो साबण वापरणाऱ्यांना पोळी-पाव खाल्ल्यावर ॲलर्जी येतेय, डोळे सुजताहेत, काहींना तर जीवघेणी प्रतिक्रिया होतेय. दोन हजारांहून जास्त माणसांना असा त्रास झाल्याचं नोंदलं गेलं. ही मोठी माणसं आयुष्यभर गहू खात आलेली होती. पण तोच गहू कातडीवाटे आत गेला, तेव्हा शरीरानं त्याला शत्रू ठरवलं. खाद्यपदार्थाची पहिली ओळख पोटातून झाली तर शरीर त्याला सहसा सोसतं. फाटलेल्या कातडीतून झाली तर बिनसण्याचा धोका वाढतो, असं आता ॲलर्जीतज्ज्ञ मानतात. म्हणून चिरा पडलेल्या, लाल झालेल्या कातडीवर पीठ, साय, बदामाचं तेल असलं काहीही लावू नये. चांगल्या कातडीवर कधीमधी, न रगडता लावलं तर मी भांडायला जात नाही.

आता बाटल्यांकडे वळू. दुकानात बाळाच्या कप्प्यासमोर उभं राहिलं की डोकं चक्रावतं. तिथले बहुतेक शब्द कायद्याच्या मोजमापाचे नाहीतच. 'हायपोॲलर्जेनिक' हा त्यांचा राजा. या शब्दाला काही अर्थ असावा म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७५ मध्ये नियम केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ आजही कंपनी ठरवेल तोच. 'डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड' म्हणजे कुणीतरी त्वचारोगतज्ज्ञानं तपासलं. किती जणांवर तपासलं आणि निकाल काय आला, ते लिहिलेलं नसतं. 'टिअर फ्री' म्हणजे डोळ्याला कमी झोंबतं, इतकंच. कातडीचं त्यात काही वचन नाही. आणि 'केमिकल फ्री'ला तर मी हसते, कारण पाणीसुद्धा केमिकलच आहे.

'पॅराबेन फ्री'ची गोष्ट जरा निराळी. पॅराबेन हे बाटलीतलं मिश्रण नासू नये म्हणून घालतात. लोक त्याला घाबरले, तेव्हा अनेक उत्पादकांनी त्याच्या जागी मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचा घटक आणला. त्यानं युरोपात ॲलर्जीची लाट आली. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ सालचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून त्याचीच निवड केली. शेवटी युरोपीय संघानं २०१७ पासून लोशन, वाइप्स अशा धुवून न टाकायच्या वस्तूंत त्याला बंदी केली. ज्याला घाबरलो ते गेलं, आणि त्यापेक्षा त्रासदायक आलं.

मग बघायचं काय? बाटली उलटी करा आणि मागची घटकांची यादी वाचा. बारीक अक्षरातली असली तरी सौंदर्यप्रसाधनांवर ती छापावीच लागते, आणि ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी येतं. वडीवर सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट अशी नावं असतील तर तो खरा साबण, म्हणजे अल्कली. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे नाव सुरुवातीला असेल आणि ती पामेट-कोकोएटची नावं नसतील, तर ती बहुधा साबणासारखी दिसणारी पण साबण नसलेली वडी. तिला सिंडेट म्हणतात. तिचा सामू साडेपाचच्या आसपास ठेवता येतो. पातळ बॉडी वॉशमध्ये डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही सौम्य मंडळी. सोडियम लॉरिल सल्फेट मात्र नको. त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करून अभ्यास करायचा असतो, तेव्हा प्रयोगशाळेत हाच पदार्थ वापरतात, यावरून काय ते समजा.

यादीत 'परफ्यूम', 'फ्रॅग्रन्स' किंवा 'पर्फ्युम' असेल तर ती बाटली परत ठेवा. बाळाला सुवासाची गरज नाही, तो आपल्यासाठी असतो. 'अनसेंटेड' लिहिलं म्हणजे सुगंध नाही असंही नव्हे. कधी कधी मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' हा शब्द शोधा आणि तरीही यादी वाचा.

हल्ली मोबाइलवर फिरणारं एक ज्ञान म्हणजे टीएफएम. साबणात स्निग्ध पदार्थ ७६ टक्क्यांच्या वर असेल तर तो पहिल्या श्रेणीचा, म्हणून बाळाला उत्तम, असं सांगतात. श्रेणीचं खरं आहे. टीएफएम जास्त म्हणजे वडीत भरताड कमी, पैसा वसूल. पण ऐंशी टक्क्यांचा साबणही साबणच, त्याचाही सामू ९ ते १०. उलट चांगल्या सिंडेट वडीवर टीएफएमचा आकडाच नसतो, कारण ती साबण नाही. या एका आकड्यापायी लोक चांगली वडी सोडून अल्कली घरी आणतात.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट पांढरट साका बनवतं. बादलीच्या कडेला बसतो तोच. तो बाळाच्या अंगावरही बसतो आणि नीट धुतला जात नाही. फेस येत नाही म्हणून बाई आणखी साबण लावते, आणि आणखी साका बसतो. अशा पाण्यात सिंडेट बरी, कारण तिचा असा साका होत नाही. तेवढे पैसे नसतील तर नुसतं पाणी त्याहून बरं.

नुसतं पाणी म्हटलं, की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. आपण बाळासाठी काही कमी करतोय असं तिला वाटतं. ब्रिटनमध्ये मँचेस्टरला ३०७ नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या बाळांना सौम्य बेबी वॉशनं आणि अर्ध्यांना नुसत्या पाण्यानं अंघोळ घातली होती. दोन आठवड्यांनी कातडीतून किती पाणी उडून जातं ते मोजलं, तर दोन्हीकडे सारखंच. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. चांगलं बेबी वॉश वापरलं म्हणून बाळाचं बिघडत नाही, आणि नाही वापरलं म्हणून काही अडत नाही. तो गिफ्ट सेट आठशे-हजार रुपयांचा असतो. तेवढ्यात बाळंतिणीला महिनाभर रोज एक अंडं आणि कपभर दूध येईल, आणि त्याचा बाळाला उपयोग होईल याची मला खात्री आहे.

पावडरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. नको. तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते आणि घडीत ओल धरून तिचे गोळे होतात. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरमध्ये हेक्साक्लोरोफिन नावाचं जंतुनाशक चुकून सहा टक्के मिसळलं गेलं. ती लावलेली दोनशेहून अधिक मुलं आजारी पडली, त्यातली ३६ दगावली. औषध पोटात दिलेलं नव्हतं, फक्त नॅपीच्या जागी पावडर लावली होती. कातडी हा नुसता कागद नसतो, त्यातून काय काय आत जातं, हे त्या घटनेनं साऱ्या जगाला कळलं.

आणि जंतुनाशकाचं ते एक झाकण. इथं मला कबूल करायला हवं, की माझ्या मुलीच्या वेळी मीही ते टाकत होते. एम.डी. झालेली, वॉर्डात काम करणारी बाई. तिला पुरळ आलं तेव्हा मी झाकणाची दोन झाकणं केली. एका ज्येष्ठ परिचारिकेनं, "मॅडम, बाळाला फिनेल कशाला घालताय?" असं विचारलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निरोगी बाळाच्या पाण्यात जंतुनाशक लागत नाही. कातडीवर चांगले जंतू वस्ती करायला येत असतात, ते मारून आपण काय मिळवतो?

आता अंघोळ कशी घालावी, ते थोडक्यात. जन्मल्यावर निदान चोवीस तास अंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ गार पडतं. अंगावरचा पांढरा लोण्यासारखा थर घाण नाही, तो बाळाचं पहिलं क्रीम आहे, तो पुसून काढू नका. नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्यानं अंग पुसलं तरी चालतं. नाळेवर हळद, राख, तेल काही नको. ती कोरडी ठेवायची. पुढं आपल्या उन्हाळ्यात, धुळीत रोज अंघोळ घाला, हरकत नाही, पण पाच-दहा मिनिटांत आटपा. बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि कोपर बुडवून बघा. कढत पाण्यानं हाडं बळकट होत नाहीत, बाळ भाजतं. उन्हाळा असो की हिवाळा, भाजलेली बाळं मी दरवर्षी बघते. सौम्य वॉश वापरायचाच तर आठवड्यातून दोन-तीनदा, मान, काखा, जांघा आणि नॅपीची जागा एवढ्यापुरता, आणि हातानं, कापडानं घासून नको.

मालीश जरूर करा. तो आईचा आणि आजीचा बाळाशी चाललेला संवाद असतो. फक्त आपल्या पद्धतीत एक उलटी गोष्ट आहे. आपण अंघोळीआधी तेल जिरवतो आणि मग तेच पिठानं-साबणानं खरवडून काढतो. त्यापेक्षा थोडं तेल किंवा बिनवासाचं क्रीम अंघोळीनंतर, अंग टिपून ओलसर असतानाच लावा. खोबरेल चालेल. मोहरीचं तेल झोंबतं आणि कातडीच्या भिंतीला बरं नाही. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं समजतात, पण त्यातलं ओलेइक आम्ल विटांमधलं सिमेंट सैल करतं. नाकात, कानात तेल घालू नका. बाळाची छाती पिळून दूध काढू नका, ते आपोआप जातं. आणि औषध दुकानातून 'पुरळाची ट्यूब' आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत कातडी गुळगुळीत होते आणि पुढचे दोन महिने ती ट्यूब सुटत नाही.

फोडांत पू दिसला, नाभीभोवती लाली पसरली, कातडी भाजल्यासारखी सुटू लागली, बाळाला ताप आला किंवा ते पीतच नसेल, तर मात्र घरी प्रयोग न करता लगेच दवाखाना गाठा.

त्या बाळाच्या मांडीवर जिथं कातडी धड होती तिथं सिस्टरांनी लस दिली. दहाच्या दहा पदार्थ पंधरा दिवस बंद, कोमट पाणी, अंघोळीनंतर खोबरेल, आणि जांघेच्या चिरांना आमच्याकडचं सौम्य मलम पाच दिवस, एवढंच लिहून दिलं. आजी नाराज होत्या. "पीठसुद्धा नाही?" त्यांनी जाता जाता दोनदा विचारलं.

अडीच महिन्यांच्या लसीला तिघं पुन्हा आली. मांड्या स्वच्छ होत्या. बाळ हसायला लागलं होतं. आईनं विचारलं, "मॅडम, त्या सेटमधली वडी अजून तशीच आहे. तिचं काय करू?" मी म्हटलं, हात धुवायला ठेव, बाळाला घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी त्यानं हात धुवायचे. आजी म्हणाल्या, "ते मी कधीच सुरू केलंय. वास चांगला आहे मेल्याचा."